बांधावरून चालवलेली बिजली

हेमा,

परवा लॅबच्या व्हरांड्यात तुझा आवाज आला. तुझी तेरवी नुकतीच झाली होती. ज्युनिअर पोरींनी तुझ्या-माझ्या रोबोची, बिजलीची, बॅटरी चार्ज करून त्याला खाली सोडलं होतं. मी आत टेबलाशी बसून एक वायर जोडत होते, माझं लक्षच नव्हतं. बिजली पाण्याच्या कूलरमागे शिरली, भिंत आणि जुनं लोखंडी कपाट यांच्या सांदीत गेली, मागे आली, वळली, पुन्हा तिथेच गेली. मग थांबली आणि तुझ्या आवाजात म्हणाली, "अवो, मी अटकली इथी. कोनी येता का?"

एक पोरगी हसली. पहिल्यांदा ऐकणारे सगळेच हसतात. दुसरीनं तुला पाहिलेलं होतं, तिनं हिचा हात धरला. मेंढे सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले आणि परत आत गेले. बिजली तर कोणी येईपर्यंत बोलतच राहते, तूच तसं करून ठेवलं आहेस. ती पुन्हा बोलली. पुन्हा. शेवटी मी उठले, तिला उचलून मोकळ्या फरशीवर ठेवलं. ती निघून गेली, काही झालंच नाही अशी.

तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे. तेरवीला जमलं नाही. तिथे सगळे तुझ्याबद्दल बोलत होते. गुणी होती, हुशार होती, सोसलं बिचारीनं. तुला तोंडावर कोणी बिचारी म्हटलं असतं तर तू त्याला तिथेच उभं केलं असतंस. मी एका कोपऱ्यात बसून पत्रावळीवरचा भात चिवडत राहिले.

आपण दोघी एकत्र आलो ते आपल्याला कोणी घेतलं नाही म्हणून. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्टचे गट पडले. मी गोंदियाजवळच्या गोरेगावहून रोज एसटीनं येणारी, संध्याकाळची बस गाठायची म्हणून कामाच्या मध्येच उठून पळणारी. तू होस्टेलवर राहणारी, पण दर महिन्यात कधीतरी तुझा मुक्काम सरकारी दवाखान्यात. असल्या पोरी कोणाला हव्या असतात? सर म्हणाले, "तुम्ही दोघीच राहिल्या. तुम्ही करा मग सोबत." तू वळून माझ्याकडे पाहिलंस, बाजारात भाजी निवडावी तसं, आणि म्हणालीस, "चाल वो. अर्धी मी, अर्धी तू. एक पोरगी तं होऊनच जाईल."

विद्यापीठाच्या त्या लॅबमधले सगळे प्रोजेक्ट एकाच जातीचे होते. चाकांवरचा रोबो घ्यायचा, त्याला आपल्या आजूबाजूचा नकाशा करायला शिकवायचं, आणि मग कोणाला न धडकता इथून तिथे जायला लावायचं. बाकीच्या गटांनी पुठ्ठ्याच्या भिंती उभारून भूलभुलैया केला. तू म्हणालीस, "पुठ्ठ्यात कायले? गोंदियात एवढ्या राइस मिल आहेत. गोदामात नेऊ."

मिलच्या शेठजींना पटवलंस तूच, हिंदीत. "सेठजी, आपकी बोरियों को कुछ नहीं होगा. होगा तो हमारी गाडी को होगा." ते हसले आणि मागचं गोदाम उघडून दिलं.

त्या गोदामानं आपल्याला रडवलं. सकाळी नकाशा तयार करावा, तर दुपारपर्यंत पोत्यांच्या थप्प्या हललेल्या. ट्रक लागला की नकाशातली भिंत गायब. नवा माल उतरला की वाटेच्या जागी भिंत. कोंडा उडून रोबोच्या डोक्यावरच्या लेझरवर बसायचा, मग त्याला जिकडे तिकडे अडथळेच दिसायचे. चाकं कणीवर घसरायची. त्याला वाटायचं आपण बरंच पुढे आलो, आणि तो असायचा तिथल्या तिथे. सगळ्यात वाईट म्हणजे थप्प्यांमधली बंद बोळ. पोचायचं ठिकाण समोर, मधे पोती. सरळ जायला वाट नाही. मागे फिरायचं तर ठिकाणापासून लांब जावं लागतं, आणि लांब जाणं म्हणजे चूक असंच आपण त्याला शिकवलेलं. मग त्या बोळीत मागे-पुढे, मागे-पुढे, बॅटरी संपेपर्यंत. परातीएवढं ते यंत्र, गोगलगायीसारखं चालणारं. गोदामात झाडझूड करणाऱ्या मावशींनी चेष्टेनं त्याचं नाव बिजली ठेवलं आणि तेव्हापासून तो 'तो' राहिला नाही, 'ती' झाली.

आपलं भांडण त्या बंद बोळीत सुरू झालं. माझं म्हणणं, यंत्रानं स्वतःच सुटलं पाहिजे. जुना नकाशा पुसायचा, गोल फिरून नव्यानं पाहायचं, मागे यायचं, दुसरी वाट धरायची. नाही जमलं तर परत तेच. तुझं म्हणणं, थोडं करून पाहावं, नाही जमलं तर थांबावं आणि हाक मारावी.

"हाक मारली म्हणजे हरली ना वो," मी म्हटलं. "परीक्षक मार्क कापतील."

"कापू दे. बॅटरी संपेपर्यंत डोकं आपटून राहिली तं जिंकली का मंग?"

"पण मग तिला आपोआप चालणारी कसं म्हणायचं?"

"तू आपोआप चालतस ना? तुले कोनी चावी देते का? मंग तू हाक नाई मारत का कोनाले?"

तू लॅबमधला पंखा बंद केलास आणि ती हाक स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलीस. मी म्हणत होते, शुद्ध बोल, परीक्षेला बाहेरचे लोक येतील. तू म्हणालीस, शुद्ध बोलली तर मशीन बोलून राहिली असं समजून कोणी येणार नाही. आणि खरंच, गोदामात पहिल्यांदा ती हाक उठली तेव्हा मावशी झाडू टाकून "आली, आली बाई" म्हणत धावत आल्या, एक पोतं पायानं सरकवलं, आणि बिजली सुटली. तू थप्पीवर बसून इतकी हसलीस की तुला खोकला लागला.

परीक्षेत मार्क कापले गेले नाहीत. पण एक परीक्षक म्हणालेच, "कल्पना मजेशीर आहे. तांत्रिकदृष्ट्या मात्र ही पळवाट आहे." मी तुझ्याकडे विजयानं पाहिलं. तू हळूच माझ्या कानाशी म्हणालीस, "पळवाट बी वाटच होये ना वो."

तुझं दुखणं तू मला चहाच्या टपरीवर सांगितलंस. तुझे डोळे पिवळे दिसत होते म्हणून मी विचारलं, कावीळ झाली का? "सिकल आहे मले," तू म्हणालीस, जसं कोणी आपलं गाव सांगावं. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द ठाऊक नाही असा माणूस नाही. पण माझ्या घरात तो कधी आला नव्हता, त्यामुळे मला शब्दच तेवढा ठाऊक होता. तू टेबलावर सांडलेल्या चहात बोट फिरवून दाखवलंस. "हे पाह्य. लोकांच्या रक्ताची पेशी अशी गोल राहते. माही विळ्यावानी वाकडी होते. मंग बारीक नळीत फसते. तिच्यामागं दुसरी येऊन फसते. पुढं रक्तच जात नाई. जिथी जात नाई तिथी दुखते." मग बोट पुसलंस आणि म्हणालीस, "गोदामातल्यावानीच. माह्या आंगात रोज बिजली अटकते."

थंडी, दमणूक, पाणी कमी पडणं, काहीही पुरायचं. म्हणून ती मोठी पाण्याची बाटली. म्हणून ते लोकरीचे हातमोजे, टाइप करता यावं म्हणून बोटं कापलेले. दुखायला लागलं की तू टेबलाची कड घट्ट धरायचीस आणि कोडबद्दल नेहमीपेक्षा जोरात बोलायला लागायचीस. मला हे ओळखू यायला बराच काळ गेला. ओळखू यायला लागल्यावर मी विचारायची, "दुखते का?"

"नाई."

"हेमे."

"तू तो सेन्सर लाव."

एकदा वॉर्डात मी चिडलेच. तुझ्या डाव्या हाताला सलाइन, आणि उजव्या हातानं तू लॅपटॉपवर टाइप करत होतीस. तुझी आई भाताचे घास भरवत होती. ती मला म्हणाली, "अवो पोरी, तूच सांग तिले ते डबडं बंद कराले. माहं तं ऐकत नाई." मी सांगितलं. तू म्हणालीस, एवढी ओळ होऊ दे. मी म्हटलं, "यंत्राला हाक मारायला शिकवतेस. स्वतः कधी मारशील?"

तू स्क्रीनवरून डोळे काढले नाहीस. "तिनं हाक मारली तं लोक पोतं हटवते. मी मारली तं डाक्टर येते, सुई देते, आन सारे मिळून म्हणते, घरी बस."

तुझ्या आईनं तोंड फिरवलं.  

शेवटच्या वर्षाच्या अखेरीस तुला बंगलोरच्या संस्थेतून बोलावणं आलं. रोबोंवरच काम, तिथेच शिक्षण. सरांनी पेढे आणले. त्यातला एक तू बिजलीच्या डोक्यावर ठेवलास आणि तिला व्हरांडाभर फिरवलीस. मग मला बाजूला घेऊन म्हणालीस, "मीने, तू चाल माह्या घरी. बाबांपुढे मी एकटी नाई बोलू शकत."

तुझं घर तळ्याकाठच्या नवेगाव बांधला, पुढे दोर आणि जाळ्यांचं दुकान, मागे राहायची जागा. तुझे बाबा, माझ्यासाठी काका, दुकान सांभाळायचे आणि ठेक्यानं घेतलेल्या जमिनीत धान करायचे. आपण गेलो तेव्हा ते दारात बसून फाटलेल्या जाळ्याला गाठी मारत होते. ऐकून घेतलं. "चांगलं झालं," म्हणाले. "मोठी गोष्ट आहे." एक गाठ मारून म्हणाले, "पण तिथी तुले कोन पाहील?"

"तिथी दवाखाने आहेत बाबा. इथल्याहून मोठे."

"दवाखान्यात कोन नेईल?"

"मी सांगीन ना कोनालेबी. दुखलं तं सांगीन."

काकांनी जाळं खाली ठेवलं. "तू सांगतच नाई, हेमा. लहानपणापासून नाई सांगत. आम्ही तुह्या तोंडाकडे पाहून ओळखतो. तिथी तुह्या तोंडाकडे कोन पाहील?"

तुझ्या लहानपणी तुला पाठीवर घेऊन बसस्टँडपर्यंत धावलेला माणूस होता तो. आवाज चढवत नव्हता. मी मध्ये पडले. म्हटलं, "काका, जाऊ द्या तिला. मैत्रिणी होतील, सवय होईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. "पोरी, तू रोज सांजच्या बसनं घरी जातेस ना? काऊन? तुह्या घरच्यांनी तुले एक दिवस तरी होस्टेलात राहू देलं का?"

नव्हतं राहू दिलं. मला तर कुठलाच आजार नव्हता.

नंतर आपण तळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. पाण्यावर डोंगा घेऊन कोणीतरी जाळं टाकत होतं. तू रडली नाहीस. मी म्हटलं, "ते अगदीच चुकीचं नाही बोलले." मला ते खरं वाटत होतं आणि तुझ्याशी खोटं बोलायची सवय मला नव्हती. तू उठून उभी राहिलीस, माझ्यावर ओरडलीस, बांधावरच्या बकऱ्या चमकून पाहायला लागल्या.

"चूक नाईच बोलून राहिले ते! म्हणून तं फसली मी. चूक बोलले असते तं भांडून निघून गेली असती."

हेमा, तुझ्या त्या वाक्यात मी आजही अडकलेली आहे. दुष्ट माणसानं दार लावलं तर लाथ मारता येते. तुझं दार लावणाऱ्यानं आधी तुला गोधडी पांघरली होती.

तुझं बंगलोर राहून गेलं आणि सरांनी आपल्या दोघींना लॅबमध्येच कामाला ठेवून घेतलं. मी तशीच एसटीनं येत-जात राहिले. थंडी सुरू झाली की तुला घरी नेत. घरात मोबाइलला रेंज नाही, बांधावर मिळायची. मग तू उन्हात शाल पांघरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बांधावर बसायचीस आणि गोंदियाच्या गोदामातली बिजली तिथून चालवायचीस. मी गोदामात, कानाला फोन.

"मीने, डावीकडे काय आहे? मले भिंत दिसून राहिली."

"भिंत नाही, मावशींची सायकल आहे."

"हटव. नाई, थांब. राहू दे. पाहू काय करते."

मग दोघी श्वास धरून थांबायचो, तू तिथे, मी इथे, आणि बिजली सायकलपुढे विचार करत उभी. मधेच तू काहीतरी वेगळंच बोलायचीस. "बदकं आली वो. कोन्या कोन्या देशातून येऊन राहिले. त्याईले कोनी विचारत नाई, तिथी तुमाले कोन पाहील म्हणून." मी हसायची. तू हसायचीस की नाही ते फोनवर कळायचं नाही.

एकदा तू म्हणालीस, "मी इथी बसून तिले साऱ्या गोदामात फिरवून राहिली. मले कोन फिरवन?"

"मी फिरवते," मी म्हटलं. "कचारगडला जाऊ. गुहा पाहू." 

"चढ आहे तिथी," तू म्हणालीस, आणि पुढचं ठिकाण नकाशावर टाकलंस.

मग बंगलोरच्या त्याच संस्थेत पुन्हा जागा निघाली आणि सरांनी मला अर्ज करायला लावला. काम आपलंच, तुझं आणि माझं. निवड माझी झाली. मी आधी तुला फोन केला, घरी सांगायच्या आधी, सरांच्याही आधी.  मला फोनमधून पक्ष्यांचा कालवा ऐकू येत होता. 

"जाजो," तू म्हणालीस शेवटी. "घरी सांगितलं का?"

"नाही."

"काऊन?"

"नाही म्हणतील."

"मंग बस माह्यावानी. तुह्या आंगात तं काहीच अटकत नाई." फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी बोललीस, लेझर पुसला का, बॅटरी किती आहे. तुला किती लागलं होतं हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तू तो सेन्सर लाव.

त्यानंतर आपलं सगळ्यात चांगलं काम झालं. आदल्या दिवशी मिलमध्ये ट्रक लागले होते आणि गोदाम ओळखू येत नव्हतं, जुना नकाशा सगळा खोटा पडला होता. तू बांधावरून पलीकडच्या दाराजवळचं ठिकाण दिलंस. बिजली दोन बंद बोळींत शिरली, स्वतःच बाहेर आली, लांबचा वळसा घेतला आणि पोचली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मी फोनमध्ये ओरडत होते.

"एकदाबी नाई बोलली?" तू विचारलंस.

"एकदाही नाही!"

"बरं झालं." मग म्हणालीस, "पण आवाज काढू नको वो तिच्यातला. राहू दे."

मी हो म्हटलं. तू बांधावर बसून लिहिलेला तो भाग, वळसा घेऊन लांबून जाण्याचा, माझा म्हणून कोणी वाखाणतं तेव्हा मी तुझं नाव सांगते. मला नकाशे वाचायला तू शिकवलंस. बाहेरच्या लोकांपुढे आपल्या बोलीत बोलायची लाज तुझ्यामुळे गेली. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपण तसलं बोलणाऱ्यांतल्या नव्हतो.

पौषात थंडी वाढली. त्या सकाळी तू उठून चुलीपाशी गेलीस आणि आईला म्हणालीस, "आई, छातीत दुखून राहिलं. मले दवाखान्यात ने." तुझी आई मला हे सांगताना पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी थांबत होती. तू स्वतःहून सांगितलंस. कोणी तोंडाकडे पाहायच्या आधी सांगितलंस. काकांनी लगेच शेजाऱ्यांची गाडी आणली, तालुक्याच्या दवाखान्यातून लगेच गोंदियाला पाठवलं, तिथे ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. कोणी हयगय केली नाही. मी पोचले तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता. तू माझा हात धरलास. मी कोडबद्दल बोलायला लागले, जोरजोरात, न थांबता, नर्सनं हळू बोला म्हणून सांगेपर्यंत. तू डोळे मिटलेस, पण हात सोडला नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

तेरवीला काका मला म्हणाले, "तिनं सांगितलं पोरी. यावेळेस सांगितलं." ते तक्रार करत होते की तुझी बाजू मांडत होते, मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की तू हाक मारलीस, सगळे धावत आले, आणि तरीही काही झालं नाही. आपल्या भांडणात या गोष्टीचं काय करायचं, सांग. मी ते सोडवू शकत नाही आणि आता समोर तूही नाहीस.

मी रोज त्याच बसनं जाते-येते. लॅबमध्ये तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही, मी पण नाही. घरी आई विचारते, जेवली का. मी हो म्हणते. बंगलोरचं मी घरी सांगितलंच नव्हतं. तुझ्यानंतर तर ते मनातूनही काढून टाकलं होतं. जी जागा तुझी होती तिथे मी कोणत्या तोंडानं जाऊ?

आणि काल काका आमच्या घरी आले. मोटरसायकलनं, नवेगाव बांधहून गोरेगावला, एवढ्या थंडीत, कानाला गमछा बांधून. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. बाबांनी अंगणात खाट टाकली, आईनं पाणी दिलं. धानाचं बोलणं झालं. मग काका म्हणाले, "तुमच्या पोरीचं बंगलोरले झालं आहे. हेमानं सांगितलं होतं मले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आई चहाचा कप हातात घेऊन दारात उभीच राहिली.

"हेमा म्हणे, बाबा, तिच्या घरचे नाई जाऊ देनार," काका म्हणाले. "मी म्हटलं, मंग नाई देनार, आपल्याले काय करायचं." ते गमछ्याची घडी घालत राहिले. "मी माह्या पोरीले नाई जाऊ देलं. गेली असती तं वाचली असती, असं मी नाई म्हणत. तिथी कदाचित आधीच गेली असती. पण घरी ठेवून मी तिले वाचवलं बी नाई ना, भाऊ. तुमची पोरगी तं धडधाकट आहे. तिले कायले ठेवता?"

 बाबा म्हणाले, "विचार करतो."

मी काकांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले. मला त्यांचे पाय धरायला हवे होते. पण माझ्या अंगात राग चढला होता, हेमा. जे शब्द बांधाजवळच्या त्या दारात तुला हवे होते, ते त्यांनी माझ्या अंगणात आणून ठेवले होते. मी विचारलंच. "काका, हेमाला का नाही असं म्हणालात?"

त्यांनी गमछा पुन्हा कानाला बांधला. "भेव वाटे, पोरी."

"आता नाही वाटत?"

"आता कायचं भेव?" ते म्हणाले, आणि किक मारली.

मी परत आले तेव्हा बाबा खाटेवरच होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कवा जावं लागते?" मी सांगितलं. ते उठून गोठ्याकडे गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गोठ्यातून गाईला काहीतरी बोलत असल्याचा आवाज येत राहिला. आई कप तसाच घेऊन आत गेली. मी अंगणात एकटी उभी राहिले आणि मला आनंद झाला नाही.

काही झालं की पहिला फोन तुला करायचा, ही सवय अजून गेलेली नाही. हात आपोआप खिशाकडे गेला, तुझा नंबर लावला, आणि कानाला लावल्यावर मला कळलं मी काय केलं ते. ठेवणार एवढ्यात कोणीतरी तुझा फोन उचलला. मागे ट्रक गेल्याचा आवाज आला, मग गाडी बाजूला घेऊन बंद केल्याचा.

"बोल पोरी," काका म्हणाले.

"काही नाही काका," मी म्हटलं. "सावकाश जा."